समोरचा गडी

नांदुऱ्यात स्टेशनकडून बाजाराकडे येणाऱ्या रस्त्यावर देवानंद तायडे यांची स्क्रीन प्रिंटिंगची दोन खोल्यांची जागा आहे. पुढच्या खोलीत लग्नपत्रिका, कापडी पिशव्या आणि दुकानदारांची कॅलेंडरं छापली जातात. मागच्या खोलीत खेळ आहेत. दुपारचं जेवण झालं की देवानंद पुढचं शटर अर्धं ओढतात, मागे जाऊन टेबलावर पट मांडतात आणि एक चाल करतात. मग समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून म्हणतात, "चाल बे, तुही पाळी."

टेबलावर पत्त्यांचा एक जाड कॅट असतो. त्यातलं वरचं पान ते उलटतात, वाचतात आणि पानावर लिहिलं असेल तशी समोरची सोंगटी हलवतात. कधी पानावर फक्त "थांब, चहा येऊ दे" एवढंच असतं. तेव्हा ते खरोखर थांबतात. शेजारच्या टपरीवरून चहा आल्याशिवाय पुढचं पान उलटत नाहीत.

पत्रिकेचा मजकूर घेऊन आलेली माणसं शटरखालून वाकून पाहतात. एक वधूपिता एकदा आतलं बोलणं ऐकून बाहेरच बाकावर बसून राहिला. आत कोणीतरी बसलंय, त्यांचं होऊ द्यावं, असं त्याला वाटलं. टपरीवाला उकंडराव गिऱ्हाइकांसमोर विचारतो, "काय देवाभाऊ, काल गोकुळभाऊ हरले का जिंकले?" देवानंद खरं उत्तर देतात. ज्यांना माहीत नाही ते हसतात. माहीत असलेले कपातला चहा संपवून उठतात, कारण गोकुळ खर्चे यांना जाऊन दोन वर्षं झाली.

देवानंद बावन्न वर्षांचे आहेत. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, मुलगी नागपूरला शिकते. विशीत त्यांनी मेहकरच्या एका भंगारवाल्याकडून लाल-हिरव्या कापडाचा सारीपाट घेतला, लाखेच्या सोंगट्यांसकट, तेव्हापासून हा नाद आहे. आज मागच्या खोलीत असे पाच-सहा सारीपाट आहेत. चिंचोके टाकून खेळायची चौदा खळग्यांची सागवानी फळी आहे, वाघ-बकरीचे पितळी पट आहेत, साप आणि शिड्यांचे जुने छापील कागद आहेत. पण भिंतीवर सगळ्यात जास्त जागा व्यापली आहे ती ठशांनी. जुन्या मंदिरांच्या पायऱ्यांवर, गावच्या पारावर, घाटाच्या दगडावर पूर्वी माणसांनी बसल्या बसल्या खेळाचे पट कोरून ठेवले. दगड उचलून आणता येत नाही. मग त्यावर पातळ कागद पसरायचा आणि काळ्या मेणखडूने घासायचं. कोरलेली रेघ पांढरी उमटते, बाकी कागद काळा होतो. प्रत्येक ठशाखाली देवानंदांच्या टपोऱ्या अक्षरात गावाचं नाव आणि दगडाची स्थिती लिहिलेली आहे.

ते स्वतः खेळही तयार करतात. आजवर दहा-बारा केले, त्यांतले दोन शाळांनी घेतले. पण प्रत्येक नवा खेळ आधी कोणाला तरी समोर बसवून शंभरदा खेळावा लागतो. कुठे अडतो, कुठे कंटाळा येतो, कुठे पहिली चाल करणाराच नेहमी जिंकतो, हे तेव्हाच कळतं. तो समोरचा गडी कायम एकच होता, शाळेपासूनचा मित्र.

गोकुळ एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. काटा बंद झाला की सायकलने, नंतर मोटारसायकलने देवानंदांकडे येत. खेळात ते निर्दय होते. वाट दिसली की अडवायचे, सोंगटी एकटी दिसली की मारायचे, आणि मारताना म्हणायचे, "लेका, खेळ बनवनं सोपं हाये, खेळनं नाही." तीस वर्षांत देवानंदांनी त्यांना हरवल्याचे प्रसंग दोघांनाही एकेक करून आठवत. फक्त शेवटच्या वर्षात ते बदललं होतं. देवानंद तेव्हा 'पाणवठा' हा नवा खेळ करत होते. नऊ घरं लांब, नऊ घरं रुंद असा पट, दोन टोकांना दोन गावं. आपली सात ढोरं समोरच्या टोकाच्या पाण्यापर्यंत न्यायची आणि समोरच्याची अडवायची. या खेळात देवानंद जिंकू लागले. आधी अधूनमधून, मग जवळजवळ रोज. हरणाऱ्याने चहा पाजायचा असा रिवाज होता, म्हणून त्या दिवसांत उकंडरावच्या टपरीवर चहाचे पैसे गोकुळ देत. देवानंदांना वाटलं, इतक्या वर्षांनी आपला हात बसला.

मग फाल्गुनातल्या एका रविवारी गोकुळ गेले. रोहिणखेडच्या पुढे एका खेड्यात पारावरच्या दगडात नवकंकरीचा पट कोरलेला आहे, अशी खबर होती. लग्नसराई तोंडावर असल्याने देवानंदांना छपाई सोडून जाता येईना. ठसा घ्यायला गोकुळ निघाले. ठसा घेऊन परत येताना, भर दुपारी, सरळ रस्त्यावर, शेतातून रस्त्यावर येणाऱ्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकावर त्यांची गाडी आदळली. मेणखडू आणि कागदाची गुंडाळी डिकीत शाबूत होती.

ट्रॅक्टर रोहिणखेडचा रवी चालवत होता, वय तेवीस. बेदरकारपणे वाहन रस्त्यावर आणल्याचा गुन्हा त्याच्यावर दाखल झाला आणि खटला अजून चालू आहे. त्याने पोलिसांना पहिल्या दिवशी जे सांगितलं तेच तो आजही सांगतो. ट्रॅक्टर गाडीवाल्याच्या डावीकडच्या शेतरस्त्याने येत होता. गाडी लांबून दिसली तेव्हा त्याने हॉर्न वाजवला. गाडीवाल्याने तो ऐकला. ऐकून मान वळवली ती उजवीकडे, आणि तसाच पुढे आला. उजवीकडे हरभरा काढलेलं मोकळं शेत होतं.

गोकुळच्या पत्नी पुष्पांजली यांनी हे पोलीस ठाण्यातच ऐकलं. ट्रॅक्टर डावीकडे वाजतो आणि माणूस उजवीकडे पाहतो, हे कोणालाच पटलं नाही. चूक झाली म्हणाला असता तर एक वेळ सोडून दिलं असतं, असं त्या तेव्हा म्हणाल्या होत्या. पण मेलेल्या माणसाच्या माथी वेडेपणा मारतो, याला शिक्षा झालीच पाहिजे. तरी एक प्रश्न त्यांच्या घरात राहिलाच. मुलगा विचारायचा, भाऊ विचारायचे, त्या स्वतः भांडी घासताना मोठ्याने विचारायच्या: एवढा मोठा ट्रॅक्टर, एवढा उजेड, मग ह्यांना दिसला कसा नाही?

कॅट देवानंदांनी त्यानंतर सहा महिन्यांनी केला. पुण्याच्या एका प्रकाशकाला 'पाणवठा' हवा होता, पण एकट्या माणसालाही खेळता यावा अशी अट होती. अशा वेळी समोरच्या गड्याच्या जागी पत्ते ठेवतात. परिस्थिती अशी असेल तर अशी चाल, असं पानापानावर लिहायचं. इतर लोक त्यासाठी हिशोब मांडतात. देवानंदांनी हिशोब मांडला नाही. पट समोर ठेवून ते आठवत बसले: इथे गोकुळने काय केलं असतं? लग्नपत्रिकांच्या जाड कागदाची कात्रणं होतीच. एका बाजूला 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' अर्धवट छापलेलं, दुसऱ्या बाजूला गोकुळची चाल. एकटं ढोर दिसलं की आधी मार. दोघांपैकी एक वाचवायचं असेल तर पुढचं वाचव. हरत असशील तर गप्प बस.

कॅट पूर्ण झाल्यावर पहिल्याच डावात एक गोष्ट घडली. तीन पानं एकामागून एक अशी आली की समोरच्या ढोरांनी देवानंदांची मधली वाट बंद करून टाकली. हा डाव त्यांनी कुठल्याही पानावर लिहिला नव्हता. पण तो गोकुळचाच होता. देवानंद उठून मागच्या अंगणात गेले आणि अंधार पडेपर्यंत खोलीत आले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी समोरची खुर्ची कोणाला दिली नाही. मुलगी सुटीत आली तेव्हा तिच्यासाठी पुढच्या खोलीतलं स्टूल आणलं. ती म्हणाली, "बाबा, मले त्या खुर्चीवर बसायचंही नाही."

गावातलं बोलणं फिरत फिरत शेवटी गोकुळच्या घरी पोचलं. यंदा पोळ्यानंतर पुष्पांजली स्वतः आल्या. शटर अर्धंच उघडं होतं. त्या वाकून आत आल्या, त्या वेळी देवानंदांच्या हातात पान होतं.

"माह्या नवऱ्याले पत्त्यात घातलं म्हणे तुमी, भाऊ."

"बसा वैनी."

"बसाले नाही आली. दाखवा."

त्यांनी कॅट हातात दिला. पुष्पांजलींनी चारदोन पानं वाचली. "हे ह्यायचं अक्षर नाही."

"अक्षर माहं. चाल त्याची."

"अन् हे काय? 'थांब, चहा येऊ दे.'" त्या किंचित हसल्या. "हे मात्र बराबर हाये." मग कॅट टेबलावर ठेवला. "मांडा. पाहू दे मले."

पुष्पांजली देवानंदांच्या खुर्चीवर बसल्या. देवानंद बाजूला उभे राहून पानं उलटत होते आणि समोरची ढोरं हलवत होते. पुष्पांजलींना खेळ समजावून सांगायला फार वेळ लागला नाही. लग्नानंतरची सगळी वर्षं त्या घरात गोकुळबरोबर सारीपाट खेळल्या होत्या. पहिल्या पाच-सहा चाली त्यांनी मधून केल्या आणि दोन ढोरं गमावली. "हेच," त्या म्हणाल्या, "हेच करत होते घरी. बायको म्हनून दया नाही." मग त्यांनी वाट बदलली. आपल्या उजव्या हाताच्या कडेने, म्हणजे समोरच्या खुर्चीच्या डाव्या हाताने, एक ढोर पुढे काढलं. पान उलटलं. समोरच्याने मधली वाट आवळली. त्यांनी दुसरं ढोर काढलं, तिसरं काढलं. समोरून काहीच आलं नाही. डाव त्यांनी जिंकला, पहिलाच डाव.

त्या पटाकडे पाहत राहिल्या. "इकून आडवलं काऊन नाही ह्यायनं?"

"तिकडं तो येतच नव्हता वैनी. वर्षभर. त्याचा डाव होता तो. मले तिकडं ओढाचं अन् मधातून मारायचं."

"मंग मारत होते?"

"नाही," देवानंद म्हणाले. "मी जिंकत होतो."

"ह्यायनं हरायसाठी डाव लावला होता, असं म्हनता तुमी."

 देवानंदांनी सगळा कॅट टेबलावर पसरला. मधल्या वाटेची पानं होती, उजव्या बाजूची होती. डाव्या बाजूचं एकही नव्हतं. लिहिताना त्यांना हे जाणवलं नव्हतं, कारण आठवणीतच त्या बाजूची चाल नव्हती.

पुष्पांजलींनी पट आपल्याकडे ओढला, फिरवला, गोकुळच्या बाजूने आपल्यासमोर ठेवला. मग डाव्या कडेवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे ताट धरा. इथं ठेचा. इथं लोनचं. इथं कांदा."

वाढण्याची रीत सगळीकडे तीच आहे. चटणी, लोणचं, कोशिंबीर ताटात डावीकडे, भाजी उजवीकडे. गोकुळना ठेच्याशिवाय घास उतरत नसे. जाण्याआधीच्या वर्षात त्यांनी ठेच्याला हात लावणं सोडलं होतं. डॉक्टरांनी पित्तासाठी तिखट बंद करायला सांगितलं होतं, म्हणून पुष्पांजली खूश होत्या. शेजारणींना कौतुकाने सांगत होत्या.

"एक रोज म्या घाईत ताट उलटं ठेवलं," त्या म्हणाल्या. "भाजी डावीकडं गेली. तर चिडले. म्हणे, भाजी नाही वाढली. म्या म्हटलं, समोर हाये नं, डोळे फुटले का? अन् ताट फिरवून देलं. मंग खाल्ली."

देवानंद खाली बसले. म्हणाले, "तो पट सरकवत होता, वैनी. खेळता खेळता आपल्या उजवीकडं. पार टेबलाच्या बाहेर जाये पट. मी परत मधात आणून ठेवत होतो. मले वाटलं, खिडकीतून ऊन येते तोंडावर."

"रोज?"

"रोज."

 पुढच्या खोलीत कोणीतरी पत्रिका विचारायला आलं आणि हाक मारून निघून गेलं. मग देवानंद उठले, भिंतीकडे गेले आणि कोपऱ्यातली एक चौकट काढून आणली. डिकीत सापडलेला तो ठसा होता. नवकंकरीचा पट म्हणजे एकात एक तीन चौकोन. कागदावर त्यांचा उजवा अर्धा भागच उमटला होता. डावा भाग कोरा. खाली देवानंदांनीच लिहिलं होतं: 'दगड अर्धा फुटलेला.'

दुसऱ्या दिवशी दोघं त्या खेड्यात गेले. पारावर दोन म्हातारे बसले होते. त्यांनी पाय वर घेऊन जागा करून दिली. दगड अखंड होता. तिन्ही चौकोन पूर्ण होते. दोन वर्षांच्या पावसातही कडेच्या खाचेत मेणखडूचा काळा माग टिकून होता, फक्त उजव्या बाजूला.

"कोनी फोडला होता का मधात हा?" देवानंदांनी तरीही विचारलं.

"याले कोन फोडते बापा," एक म्हातारा म्हणाला. "आम्हीच याच्यावर खेळून खेळून झिजलो."

बुलडाण्याच्या एका डॉक्टरांना त्यांनी नंतर विचारलं. डॉक्टर म्हणाले, माणूस तपासल्याशिवाय सांगता येणार नाही आणि आता तपासता येणार नाही. पण मेंदूच्या उजव्या भागात लहानसा झटका येऊन गेला, तर असं होऊ शकतं. डोळे चांगले असतात. डावीकडचं जगच लक्षातून जातं, आणि गेलं हे त्या माणसाला कळत नाही. तो चिडतो, वाट चुकतो, पण तक्रार करत नाही. त्याच्या मते सगळं जागच्या जागी असतं. अशा लोकांना डावीकडून कोणी हाक मारली तर काही जण उजवीकडे वळून पाहतात, असंही ते म्हणाले. त्यांना हॉर्नबद्दल कोणी काही सांगितलं नव्हतं.

बुलडाण्याहून परतताना एसटीत पुष्पांजली पूर्ण वाट खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. उतरताना म्हणाल्या, "त्या पोराकडं जावं लागन."

देवानंदांनी त्या आठवड्यात पुन्हा पट मांडला. आता ती मोकळी बाजू त्यांना वापरता येईना. तिकडून गेलं तर जिंकणं ठरलेलं होतं, आणि कशावर जिंकतो आहोत ते माहीत होतं. त्यांनी फक्त मधून आणि दुसऱ्या कडेने खेळायचं ठरवलं. ते हरले. पुन्हा हरले. निम्म्या पटावर गोकुळ अजून पहिल्यासारखेच होते. पुण्याला त्यांनी कळवलं की खेळ दोघांचाच राहील, एकट्यासाठी होणार नाही. कारण लिहिलं नाही. पुष्पांजलींनी एकदा विचारलं होतं की तब्येतीने धड असतानाचे गोकुळ पत्त्यात उतरवता येतील का. देवानंद म्हणाले, हा खेळ मांडला तेव्हाच ते तसे झाले होते. धड गोकुळ हा खेळ खेळलेच नाहीत.

रवीच्या घरी ते दोघं रविवारी सकाळी गेले. अंगणात सोयाबीन वाळत घातलं होतं. रवीची आई तानाबाई पुष्पांजलींना ओळखत होती, कोर्टाच्या आवारात लांबून पाहिलं होतं. ती दारातच उभी राहिली.

"भांडाचं असन तर वकिलाशी भांडा, बाई. पोरगं दोन वर्षांपासून ट्रॅक्टरवर बसलं नाही. मजुरीनं जाऊन राह्यलं."

"भांडाले नाही आली," पुष्पांजली म्हणाल्या. "त्याले इचाराचं हाये."

रवी आतून आला. त्याने देवानंदांकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"हॉर्न वाजवला तवा ह्यायनं कुठं पाह्यलं?"

"काकू, म्या पोलिसाले सांगतलं, कोर्टात सांगतलं..."

"मले सांग."

"उजवीकडं." त्याने स्वतःची मान वळवून दाखवली. "अस्सं. तिकडं काहीच नव्हतं. म्या म्हटलं, यायले कोनी हाक मारली का काय. मंग पुना समोर पाहू लागले अन् आले तसेच. म्या बिरेक दाबला, काकू. पन चाक रस्त्यावर आलं होतं."

पुष्पांजली बाजेच्या कडेवर बसल्या. त्यांनी त्याला ताटाचं सांगितलं, पटाचं सांगितलं, दगडाचं सांगितलं. पत्त्यांचं सांगताना त्या अडखळल्या, तेवढं देवानंदांनी सांगितलं. पुढच्या तारखेला हे सगळं कोर्टापुढे आपण स्वतः बोलणार, असंही त्या म्हणाल्या. वकील म्हणाला होता की याचा कितपत उपयोग होईल ते सांगता येत नाही, शिवाय तुमच्याच बाजूचं नुकसान होईल. तेही त्यांनी लपवलं नाही.

तानाबाई पदराने तोंड दाबून भिंतीला टेकली. रवीला आनंद झाल्याचं दिसलं नाही. त्याने सोयाबीनवर बसलेल्या चिमण्या हाकलल्या. मग म्हणाला, "म्हंजे म्या त्यायच्या डावीकडून येऊन राह्यलो, हे त्यायले कळलंच नाही?"

"नाही."

"शेवटपरेंत?"

"नाही, बाप्पा."

"मंग भेव नसन वाटलं त्यायले," रवी म्हणाला.

दोन वर्षांत हे पुष्पांजलींच्या मनात एकदाही आलं नव्हतं. त्या उठल्या, परत बसल्या. तानाबाईने चहा ठेवायला आत जाताना विचारलं, साखर चालते का. चालते, असं त्या म्हणाल्या.